पडद्यावरचा ठग आणि आपल्या जिल्ह्यातला तांडा

'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम' हा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी टीव्हीवर पाहिला असेल. १९८४चा, दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग. गोष्ट घडते १९३५च्या हिंदुस्थानात. पंकोट नावाच्या राजवाड्यात एक मेजवानी आहे. ताटात काय काय येतं बघा: पोट चिरलं की आतून जिवंत वळवळ बाहेर पडते असा अख्खा साप, मोठाले भुंगे, डोळे तरंगणारं सूप, आणि शेवटी गोडाच्या जागी माकडाचा थंडगार मेंदू. राजवाड्याखाली कालीचं भुयारी देऊळ. तिथे पुजारी झालेला आपला अमरीश पुरी जिवंत माणसाच्या छातीत हात घालून काळीज काढतो.

आपल्याकडे १९३५ साली पंगतीत वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी आणि फार झालं तर बुंदी असायची. त्या पिढीतल्या कोणाला ही मेजवानी दाखवली असती तर "हे कोणतं गाव हाय बाप्पा?" असंच विचारलं असतं.

हसून सोडून देता येतं. पण जगभरातल्या कितीतरी लोकांना हिंदुस्थानची पहिली ओळख याच सिनेमातून झाली. तेव्हाच्या भारत सरकारने पटकथेत बदल मागितले, ते जुळलं नाही, म्हणून शूटिंग श्रीलंकेत कँडीजवळ झालं. त्यामुळे सिनेमात हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या गावातले लोक चक्क सिंहली बोलतात. पाहणाऱ्याला काही फरक पडला नाही. कारण ते काय बोलतात हे कळावं अशी कोणाची अपेक्षाच नव्हती.

मला त्या सिनेमाचा राग नाही. साहसपट मलाही आवडतात, आणि अमरीश पुरीचं काम तर आवडतंच. मला प्रश्न पडतो तो वेगळा. हे चित्र आलं कुठून? आणि पुढे गेलं कुठे? त्याचा माग काढत गेलं की वाट आपल्या वऱ्हाडातून जाते आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या तांड्यावर, पोडावर येऊन थांबते. म्हणून ही लांबलचक पोस्ट. थोडा वेळ काढून वाचा.

सुरुवात एका फायलीतून

पेंढाऱ्यांचा बंदोबस्त १८१८च्या सुमारास झाला. मराठी राज्य बुडालं, संस्थानांच्या फौजा मोडल्या, हत्यार चालवणारे हजारो लोक बेकार झाले. रस्त्यांवर वाटमारी होत होती, खून होत होते. हे खोटं नाही. कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम स्लीमन याने १८३०च्या दशकात ठगांविरुद्ध मोठी मोहीम काढली. नवीन खातं उभं राहिलं. त्या खात्याचा सगळा आधार होता माफीच्या साक्षीदारांवर. म्हणजे पकडलेला माणूस आपल्या साथीदारांची नावं, पूजा, शकुन, परवलीचे शब्द सांगणार आणि त्या बदल्यात त्याची फाशी टळणार.

आता विचार करा. ज्याची मान दोरात आहे, तो साहेबाला काय सांगेल? साहेबाला जे ऐकायचं आहे तेच. ठग हा देशभर पसरलेला एकच धर्मपंथ होता, कालीसाठी खून करणारा, हे चित्र बरंचसं याच जबान्यांमधून तयार झालं. त्यातलं किती खरं आणि किती साहेबाच्या डोक्यातलं, यावर इतिहासकारांचे आजही वाद आहेत.

पण कायदा वादाचा निकाल लागेपर्यंत थांबला नाही. १८३६च्या कायद्याने ठरवलं की अमुक माणसाने अमुक खून केला हे सिद्ध करायची गरज नाही. तो ठगांच्या टोळीतला आहे एवढं सिद्ध झालं की जन्मठेप. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे परत लागणार आहे.

आणखी एक गंमत. आपल्या बोलीत ठग म्हणजे फसवणारा. "त्यानं मले ठगवलं" म्हणजे पैसे बुडवले, गळा दाबला असं नव्हे. इंग्रजीत हा शब्द गेला आणि तिथे खुनी, गुंड होऊन बसला.

फायलीतून कादंबरी, कादंबरीतून सिनेमा

१८३९ मध्ये लंडनला एक कादंबरी आली, 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'. लेखक फिलिप मेडोज टेलर, निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी. पुढे तो नळदुर्गलाही होता, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात. आपलं वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाकडेच होतं, त्यामुळे कादंबरीतला अमीर अली ज्या मुलखात फिरतो त्यात नागपूर आहे, उमरावती म्हणजे आपली अमरावती आहे. लंडनमध्ये पुस्तक तुफान खपलं. खुद्द राणी व्हिक्टोरियाला त्याची उत्सुकता होती म्हणतात.

मग १८७३ मध्ये ज्यूल व्हर्नचं 'ऐंशी दिवसांत जगाची सफर'. व्हर्न हिंदुस्थानात कधीच आला नव्हता. त्याचा नायक मुंबईहून रेल्वेने खानदेशातून जातो. बाहेर कापूस दिसतो, इथपर्यंत ठीक. पण त्याच्या खिडकीतून जायफळ, लवंग आणि मिऱ्यांच्या बागाही दिसतात! खानदेशच्या उन्हात लवंग! आणि मालेगाव ओलांडलं की कालीच्या भक्तांनी रक्ताने माखलेला मुलूख लागतो. ज्या मालेगावने जगाला लुगडी आणि लुंग्या विणून दिल्या, त्याची युरोपातल्या मुलांना झालेली ओळख ही.

तिथून सिनेमा एक पाऊल. १९३९ मध्ये हॉलिवूडचा 'गंगा दिन' आला. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स, हिरो कॅरी ग्रँट. हिंदुस्थानची सरहद्द म्हणून दाखवलेले डोंगर कॅलिफोर्नियातले. खलनायक कोण? ठगांचा गुरू. डोकं तुळतुळीत, कमरेला धोतर, अंग उघडं. १९३९ साली अशा वेशातला कोणता हिंदी माणूस अमेरिकेतल्या प्रेक्षकाला वर्तमानपत्रातून माहीत होता, हे मी वेगळं सांगायला नको. त्यातला चांगला हिंदी माणूस म्हणजे पाणक्या गंगा दिन, जो इंग्रज पलटणीसाठी बिगुल वाजवत मरतो.

१९५९ मध्ये इंग्लंडच्या हॅमर कंपनीने 'द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे' काढला. नावात मुंबई आहे, एवढाच मुंबईचा संबंध. मग १९८४ मध्ये आपला 'टेंपल ऑफ डूम', ज्यात 'गंगा दिन'चे देऊळ, काली, झुलता पूल असे कितीतरी धागे सरळ दिसतात. शेवटी इंग्रजांचीच पलटण येऊन सगळ्यांना वाचवते. स्लीमनच्या फायलीतली गोष्ट दीडशे वर्षं चालली आणि तिचा शेवट काही बदलला नाही.

मुंबई रस्त्यावर उतरली होती

आपले लोक तेव्हा गप्प बसले नाहीत. १९३८ मध्ये 'द ड्रम' हा ब्रिटिश सिनेमा मुंबईत लागला. सरहद्दीवरचे मुसलमान कपटी आणि क्रूर, इंग्रज अधिकारी तेवढा सरळ, असा मामला. मुंबईत निदर्शनं झाली, मद्रासलाही झाली, सिनेमा काढून घ्यावा लागला. ज्यांना वाईट दाखवलं होतं ते सरहद्दीवरचे पठाण. पण मुंबईच्या माणसाला वाटलं की हा आपला अपमान आहे. हे मला फार मोठं वाटतं.

'गंगा दिन'च्या वेळी तर लेखणी पाजळली गेली. 'फिल्मइंडिया' हे मुंबईचं इंग्रजी मासिक, १९३५ पासून निघायचं. त्याचे संपादक बाबूराव पटेल, पालघरजवळच्या मासवणचे मराठी माणूस. त्यांच्या मासिकात ख्वाजा अहमद अब्बास यांनी या सिनेमाची चिरफाड केली. बंगालमध्ये आणि मुंबई इलाख्यात सिनेमावर बंदी आली. परकीय राज्यात, परकीय भाषेत लिहून त्या लोकांनी हे केलं.

बंदी योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवू. मला स्वतःला बंदी आवडत नाही. पण एक गोष्ट त्यांना नीट कळली होती. पडद्यावर एखाद्या समाजाचं जे चित्र उमटतं, ते खेळ संपला तरी संपत नाही. ते कचेरीत जातं, कायद्यात जातं, रेल्वेच्या डब्यात समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत जातं.

आता आपल्या जिल्ह्याकडे या

१८३६चा तो कायदा आठवा. गुन्हा सिद्ध करायची गरज नाही, टोळी सिद्ध झाली की पुरे. १८७१ मध्ये इंग्रजांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. गुन्हेगार जमाती कायदा आला. त्यामागचा युक्तिवाद असा होता की या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तसा गुन्हेगाराचा मुलगाही जन्मजात गुन्हेगारच असणार. आधी उत्तरेकडे लागू झालेला हा कायदा १९११ मध्ये देशभर लागू करता येईल असा केला गेला. कोणत्या जातीला गुन्हेगार ठरवायचं ते सरकारने ठरवायचं. मग नाव नोंदवा, पोलिसांकडे हजेरी द्या, परगावी जायला परवानगी काढा. काही ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ला या लोकांची कायद्यातून सुटका झाली. म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात.

महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींच्या यादीत कैकाडी आहेत, वडार आहेत, रामोशी आहेत, राजपारधी आहेत. आणि बंजारा आहेत.

बंजारा म्हटलं की पुसद, दिग्रस, उमरखेड, दारव्हा, आर्णी. आपल्या जिल्ह्याचा अर्धा नकाशा. हा समाज मुळात काय करायचा? लदेणी. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर वाहतूक. दुष्काळात धान्य पोचवणारे तेच आणि लढाईत फौजेला जगवणारेही तेच. १८०३ मध्ये वेलस्लीने आपल्या भागात असई, अडगाव आणि गाविलगडच्या लढाया मारल्या, तेव्हा त्याच्या फौजेचं पोट बंजाऱ्यांच्या बैलांवर चालत होतं. त्याच्या पत्रव्यवहारात त्यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. पुढे रेल्वे आली, मिठावर सरकारची मक्तेदारी आली, लदेणी बसली. पोटापाण्याचा धंदा ज्यांच्या राज्यात गेला, त्यांनीच मग या फिरत्या माणसांना संशयित ठरवलं.

आता सिनेमा. १५ ऑगस्ट १९७५ला 'शोले' आला. त्यात शेकोटीभोवती एका भटक्या टोळीचा तळ आहे, हेलनचा नाच आहे आणि तिथेच गब्बरला हत्यारं पुरवणारे आहेत. हिंदी सिनेमातला 'बंजारा' साधारण असाच असतो. तंबू, शेकोटी, घागरा, नाच, सुरा, चोरी. त्यांची गोरबोली कोणाला येत नाही, लदेणीचं कोणाला ठाऊक नाही.

आणि त्याच वर्षी, फेब्रुवारी १९७५ मध्ये, महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सलग अकरा वर्षांहून जास्त सांभाळून कोण पायउतार झालं होतं? पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. तांड्यावर वाढलेला माणूस. संकरित ज्वारी, रोजगार हमी, कृषी विद्यापीठं यांच्याशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते. राज्य चालवणारा बंजारा खराखुरा समोर असताना पडद्यावरचा बंजारा मात्र शेकोटीपाशीच नाचत राहिला.

झिंगालाला कुणाची भाषा?

दुसरं उदाहरण जास्त जवळचं आहे. हिंदी साहसपटात हिरो जंगलात गेला की आदिवासी निघणारच. तोंडाला काळा रंग, कमरेला पानं, डोक्यावर पिसं, हातात भाले, मध्ये हिरोईनला बांधलेली, आणि तोंडी 'झिंगालाला'. १९७८च्या 'शालिमार'ने हा शब्द घराघरात नेला.

तो वेश नीट पाहा. डोक्यावरची पिसं अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची, हॉलिवूडच्या काउबॉयपटांतून आलेली. पानांचा घागरा आणि भाले टारझनचे. टारझन लिहिणारा एडगर राइस बरोज आफ्रिकेत गेलाच नव्हता. १९३२ मध्ये हॉलिवूडने बोलका टारझन केला, १९३७ मध्ये मुंबईत होमी वाडियांनी 'तूफानी टारझन' काढला, १९५८ मध्ये 'जिंबो'. म्हणजे अमेरिकेने आफ्रिकेचं एक काल्पनिक चित्र काढलं, मुंबईने ते उसनं घेतलं आणि आपल्याच देशातल्या गोंड, कोलाम, भिल्लांच्या अंगावर चढवलं. त्यात आफ्रिकाही नाही आणि झरी-जामणीही नाही.

हे सिनेमातच राहिलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. जिल्ह्यातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी हेच पाहिलंय. 'आदिवासी नृत्य' म्हणून जाहीर झालं. पोरांच्या तोंडाला काजळी, कमरेला पानं, कागदाची पिसं, आणि स्पीकरवर तेच. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत पोडावरून येणाऱ्या कोलाम पोरी बसल्या होत्या. त्या वाजवत नव्हत्या. कार्यक्रमानंतर मी एका शिक्षकांना विचारलं की हा वेश कुठून घेतला, तर ते निरागसपणे म्हणाले, "यूट्यूबवरून, भाऊ."

कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन म्हणजे कातकरी आणि माडिया गोंड. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांत त्यांचे पोड आहेत. त्यांची कोलामी ही द्रविड कुळातली स्वतंत्र भाषा आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे. गोंडीचंही तेच. चांद्याच्या गोंड राजांची सत्ता वणीच्या बाजूपर्यंत होती, त्यांचा कोट चंद्रपुरात आजही उभा आहे. यांचा स्वतःचा ढेमसा आहे, दंडार आहे. भाषा असलेल्या लेकरांसमोर आपण निरर्थक आवाज काढायचे आणि सांगायचं की ही तुझी भाषा. श्रीलंकेच्या गावकऱ्यांना हिमालयात उभं करणाऱ्या स्पीलबर्गपेक्षा आपण वेगळं काय केलं?

दोन भाऊ

परदेशी लोकांच्या बाबतीतही आपले हात स्वच्छ नाहीत. १९५८चा 'हावडा ब्रिज' आठवा. त्यात चँग नावाचा चिनी खलनायक आहे. काम केलंय मदन पुरीने, म्हणजे अमरीश पुरीच्या सख्ख्या मोठ्या भावाने. एका भावाने मुंबईत चिनी माणसाचं सोंग घेतलं, दुसऱ्याने हॉलिवूडसाठी हिंदू नरबळीवाल्याचं. दोघेही उत्तम नट. दोष त्यांचा नाही, त्यांच्यासाठी शिवून ठेवलेल्या अंगरख्याचा आहे.

'हावडा ब्रिज'नंतर चारच वर्षांनी, १९६२च्या युद्धात, पिढ्यान्‌पिढ्या भारतात राहिलेल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबण्यात आलं. चपला शिवणारे, हॉटेल चालवणारे, दाताचे डॉक्टर, त्यांची बायकापोरं. हे सिनेमामुळे झालं असं मी म्हणत नाही, ते युद्धामुळे झालं. पण शेजारच्या चिनी माणसाला गाडीत घालून नेलं तेव्हा फारसं कोणी विचारलं नाही की याने केलं काय. पुन्हा तेच, गुन्हा नको, टोळी पुरे.

"सिनेमाच तर आहे, एवढं काय?"

हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. त्याचं उत्तर यवतमाळच्या माणसाने तरी स्वतःच्या अनुभवावरून द्यावं. पुण्या-मुंबईत किंवा बेंगळुरूत तुम्ही गावाचं नाव सांगता तेव्हा समोरचा काय म्हणतो? "अच्छा, आत्महत्यांचा जिल्हा ना?" आत्महत्या खोट्या नाहीत. त्या घरांचं दुःख आपल्याला बाहेरच्यांपेक्षा जास्त माहीत आहे. पण एवढंच यवतमाळ का? टिपेश्वरचे वाघ, वणीचा कोळसा, पुसदचं राजकारण, आपली बोली, आपलं हसणं, हे सगळं पुसून एकच वाक्य उरतं, आणि आपण जिथे जाऊ तिथे ते आपल्याआधी पोचलेलं असतं. पोरगा नोकरीच्या मुलाखतीला गेला तरी तिथे ते बसलेलं असतं. वाटमारीही खोटी नव्हती. एक खरी गोष्ट उचलायची आणि सगळ्या माणसांवर पांघरायची, ठगांचं चित्र असंच तयार झालं होतं.

उलट उदाहरणही आहे. सतीश मनवरांचा २००९चा 'गाभ्रीचा पाऊस' पाहा. विषय विदर्भातला शेतकरीच, आत्महत्येची भीतीच. पण त्यातली माणसं भांडतात, चेष्टा करतात, वऱ्हाडी बोलतात, बायको नवऱ्यावर नजर ठेवते. म्हणून ती माणसं वाटतात.

मी सिनेमा पाहताना साधे तीन प्रश्न विचारतो. त्या परक्या माणसाला नाव आहे का? तो जे बोलतो ती खरी भाषा आहे का? सकाळी उठून तो पोटासाठी काय काम करतो हे कळतं का? तिन्हींचं उत्तर नाही असेल, तर पडद्यावर कोणाचा तरी पुतळा नाचवला जातोय एवढं समजायचं. सिनेमा बंद करायची गरज नाही. शेजारी बसलेल्या लेकराला एवढं सांगितलं तरी पुरे.

एक विनंती

शिक्षक मित्रांनो, डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनं येतील. यंदा 'आदिवासी नृत्य' बसवायचं असेल तर यूट्यूब उघडण्याआधी जवळच्या पोडावर जा. ढोल कोण वाजवतं विचारा, ढेमसा कोणाला येतो विचारा, त्यांना मानाने बोलवा आणि पोरांना त्यांच्याकडून शिकवा. बंजारा नृत्य बसवायचं असेल तर तांड्यावरच्या एखाद्या याडीला बोलवा. गाण्याचा अर्थ तिच्याकडूनच समजून घ्या आणि तो कार्यक्रमाआधी माईकवरून सगळ्यांना सांगा. खर्च काही नाही. गेलात तर एक दुपार जाईल.

आणि पालकांनो, काजळी-पानांचा नाच बसतोय असं कळलं तर कार्यक्रम होण्याआधी मुख्याध्यापकांना जाऊन भेटा. भांडू नका, समजावून सांगा. १९३८ मध्ये मुंबईकर अनोळखी पठाणांसाठी रस्त्यावर उतरले होते. आपल्याला तर फक्त गावातल्या शाळेपर्यंत जायचं आहे.